मंजुळाचं नाव

आमच्या घरात दोन्ही बाजूंनी कोरा असलेला कागद मिळणं अवघड होतं. पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि पाळी संपली की त्यांच्या छोट्याशा युनियनची पत्रकं लिहायचे. वाटून उरलेली पत्रकं घरी यायची आणि आई त्यांना कामाला लावायची. डब्यांखाली पत्रकं, फळ्यांवर पत्रकं, भाकरी गुंडाळायला पत्रकं. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि बदक होतं, घरात ‘कामगार बंधूंनो आणि भगिनींनो’ होतं. मी दुसरं आधी वाचायला शिकले. आई कारखान्यांतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना डबे करून द्यायची. सकाळी कंपनीचा भोंगा, तव्यावर भाकरी फुगल्याचा वास, कुकरची शिट्टी आणि या सगळ्यावर आवाज चढवून स्वतःचा मसुदा वाचणारे पप्पा, अशी आमची सकाळ असायची. वाचताना जीभ अडली की ते थांबायचे. जिथे जीभ अडते तिथे आपल्यालाच नीट माहीत नसतं, असं त्यांचं म्हणणं. पत्रकाचे त्यांचे नियम मला पाढ्यांसारखे पाठ होते. कुठे, कधी, कोण, हे पहिल्या चार ओळींत. मागणी एकच. विशेषणं कमी, नावं जास्त. आणि सगळ्यांत खाली लिहिणाऱ्याचं नाव.

मी हे नियम कधी तपासून पाहिले नाहीत. घरातली भाषा कोण तपासतं?

कॉलेजात मी रसायनशास्त्र घेतलं. तिसऱ्या वर्षाला भौतिक रसायनशास्त्र होतं, त्याला आम्ही नुसतं ‘फिजिकल’ म्हणायचो. त्याच्या प्रात्यक्षिकाला एक जुनी प्रथा होती. मेथिल अॅसिटेटचं आम्लात विघटन किती वेगाने होतं ते मोजायचं. दर दहा मिनिटांनी मिश्रणातला थोडा भाग काढून बर्फाच्या पाण्यात ओतायचा म्हणजे तिथली क्रिया थबकते, आणि मग ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या नळीतून, अल्कली थेंब थेंब सोडत फिकट गुलाबी रंग येईपर्यंत थांबायचं. याला तीन तास लागतात. पण आधीच्या वर्षीच्या मुलांची जर्नलं मिळायची आणि त्यांत उत्तर असायचं. मग उत्तरापासून उलटं चालत यायचं, आकडे त्याला बसतील असे मांडायचे आणि दीड वाजता कँटीनला जायचं. सगळे हेच करायचे, मीही केलं.

देवरे मॅडमनी पहिल्याच आठवड्यात माझा आलेख हातात घेतला. त्या सटाण्याकडच्या. एरवी शुद्ध बोलायच्या, पण चिडल्या की गावची अहिराणी बाहेर यायची.

“हाई काय शे?” त्या म्हणाल्या. “इतकी सरळ रेघ? एकही ठिपका हललेला नाही! ब्युरेट काय तुझ्या मामाचं आहे, तुला हवं तेच दाखवायला?”

वर्ग हसला. त्यांनी माझं पान उभं फाडलं आणि शेजारच्या टेबलावरचं जर्नल माझ्यासमोर ठेवलं. त्यातल्या ठिपक्यांमधून रेघ कशीबशी जात होती. दोन ठिपके तर पार बाजूला पडले होते आणि त्यांच्याजवळ बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हात हलला, रंग गडद झाला.’ “हे जर्नल खरं आहे,” मॅडम म्हणाल्या. ते मंजुळा भोयेचं होतं.

मंजुळा सुरगाण्याकडची. पेठ रोडला तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायची. त्या दिवसानंतर मी तिच्याच टेबलाला चिकटले. ती कमी बोलायची आणि बोलली की टोचून बोलायची. माझ्या भाषणबाजीला तिने ‘लाउडस्पीकर’ नाव ठेवलं होतं. मंगळवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. येताना नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणायची. आईच्या हातून नागलीची भाकरी तव्यावर जाण्याआधीच तुटायची, तेव्हा मंजुळा तिला बाजूला सारून स्वतः थापायला बसायची. “मावशी, बाजरीसारखं मारू नका हिला. हिला गोंजारायला लागतं,” ती म्हणायची. आईला ती माझ्यापेक्षा जास्त आवडत असावी.

त्या हिवाळ्यात तिच्या आईचं मनगट मोडलं. तिचे आईवडील दरवर्षी द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला उतरायचे आणि बागेच्या कडेला प्लॅस्टिकच्या झोपडीत राहायचे. तिथे काम जोडीला मिळतं. वेलीच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. एकट्या माणसाला मुकादम उभं करत नाही. म्हणून गुरुवार ते शनिवार मंजुळा आईच्या जागी उभी राहू लागली, मण्यांची विरळणी करायला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला. आणि आमची प्रात्यक्षिकं नेमकी गुरुवारी आणि शुक्रवारी.

त्याच वर्षी कॉलेजने हजेरीचं अॅप आणलं होतं. आवारात उभं राहून फोनसमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकावायचे, मग हिरवी खूण यायची. पंचाहत्तर टक्के हिरव्या खुणा नसल्या तर परीक्षेला बसता येत नाही. मंजुळाचा फोन जुना होता. ती समोर असतानाही अॅप तिला अनेकदा ओळखायचं नाही. प्रयोगशाळेबाहेरच्या अंधाऱ्या बोळात ती डोळे मिचकावत उभी राहायची आणि पडद्यावर लाल अक्षरं यायची. “मी हाय ना इथं! आता काय नाचून दाखवू तुला?” असं ती फोनला म्हणायची आणि आम्ही हसायचो. अशा वेळी शिक्षकांना ‘चेहरा ओळखला नाही’ अशी नोंद करून हजेरी हाताने लावायची सोय होती.

देवरे मॅडमनी ती सोय वापरली. सोमवारी आणि मंगळवारी सकाळच्या गारठ्यात त्या प्रयोगशाळा उघडायच्या, मंजुळाकडून त्या आठवड्याचे प्रयोग करून घ्यायच्या, एकेका थेंबासाठी तिला ओरडायच्या, आणि गुरुवारी-शुक्रवारी तिच्या नावापुढे ‘चेहरा ओळखला नाही’ असं लिहून हजेरी लावायच्या. त्या स्वतः तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि पुढच्या सत्रात बोलावतीलच असं नाही. हे सगळं मंजुळाने मला आमच्या ओट्याजवळ बसून, पिठाच्या हातांनी सांगितलं होतं. “कोणाला बोलू नको,” असं ती म्हणाली नव्हती. आमच्यात तसं म्हणायची गरज असते असं तिला वाटलं नसावं.

आता पत्रकाची गोष्ट. आम्हाला त्या वर्षी ‘तंत्रज्ञान आणि समाज’ नावाचा एक विषय सक्तीचा होता. शिकवणारे सर मनाने चांगले होते. पडद्यावर एकामागून एक चित्रं दाखवायचे. वाफेचं इंजिन, छापखाना, संगणक. मग विचारायचे, “फायदे सांगा, तोटे सांगा.” प्रकल्प सगळ्यांनी करायचा होता. वर्गातल्या तीस जणांपैकी वीस जणांनी ‘मोबाईल : शाप की वरदान’ लिहिलं. मी त्या विषयावर जळत होते. ज्या यंत्रामुळे माझी मैत्रीण समोर उभी असून गैरहजर ठरते, त्याचे फायदे-तोटे दोन रकान्यांत मांडायचे? मी ठरवलं, आपण पत्रक काढायचं. पत्रक हाच प्रकल्प. मथळा आधीच सुचला होता : ‘चेहरा आमचा, हुकूम यंत्राचा!’ मागणीही ठरली होती, अॅप बंद करा. राहिलं होतं ते उदाहरण.

हे लिहिताना आज मला स्पष्ट दिसतं की मी जर्नलमध्ये जे केलं होतं तेच पुन्हा केलं. उत्तर आधी काढलं आणि मग त्याला बसणारं माणूस शोधत आले.

पहिल्या मसुद्यात मी ‘आमच्या वर्गातील एक विद्यार्थिनी’ असं लिहिलं. रविवारी सकाळी पप्पांना वाचून दाखवलं. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “कोण एक? अशी ‘एक’ कोण असते? नाव लिही, गाव लिही. नाव नसलं की साहेब म्हणतो, ही अफवा आहे.”

“आणि मॅडमचं?”

“त्यांचं नको. नोकरीचा प्रश्न आहे. ‘एका मॅडमनी’ असं लिही.”

भौतिक रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गुरुवारची हजेरी घेणाऱ्या अशा ‘एक मॅडम’ कितीशा असतात, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या यायला हवं होतं. मी त्या प्रयोगशाळेत दर गुरुवारी उभी असायचे.

आई डब्यांत भाजी भरत होती. ती म्हणाली, “त्या पोरीला विचारलं का?”

“तिच्याच भल्याचं आहे, मम्मी.”

“भल्याचं असलं म्हणजे विचारायचं नसतं होय?”

मी ऐकलं नाही. मी पुढचा परिच्छेद वाचत होते. तो मला आजही शब्दन् शब्द आठवतो, विसरायचा प्रयत्न करूनही. ‘कु. मंजुळा भोये, तृतीय वर्ष विज्ञान, तालुका सुरगाणा. आठवड्यातले तीन दिवस ती द्राक्षबागेत आपल्या जखमी आईच्या जागी उभी असते. यंत्र म्हणते ती गैरहजर. पण एका मॅडमनी सोमवारी सकाळी साडेसातला प्रयोगशाळा उघडून तिचे सर्व प्रयोग करून घेतले आणि गुरुवारची हजेरी लावली. यंत्राला जे कळत नाही ते माणसाला कळते!’ पप्पा टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, “आता झालं पत्रक.” माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी शाबासकी होती.

गुरुवारी सकाळी मी गेटवर दोनशे प्रती वाटल्या. मंजुळा अर्थातच बागेत होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक प्रत मी प्रकल्प म्हणून सरांच्या हातात दिली. ते तिथेच उभ्याने वाचून गहिवरले. “याला म्हणतात समाजाशी भिडणं!” म्हणाले, आणि त्यांनी पत्रकाचा फोटो काढून प्राध्यापकांच्या ग्रुपवर टाकला. कौतुकानेच टाकला. बाराच्या सुमाराला शिपाईकाका प्रयोगशाळेत आले आणि देवरे मॅडमना प्राचार्यांकडे बोलावलंय म्हणाले. मॅडमनी हातातलं ब्युरेट नीट स्टँडला लावलं, माझ्या टेबलावर पडलेली प्रत उचलली, वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली. मग शिपाईकाकांच्या मागे गेल्या.

तेव्हा कुठे मला कळलं मी काय केलंय.

मी वेड्यासारखी प्रती गोळा करत सुटले. बाकांवरच्या, कचऱ्याच्या डब्यातल्या, कँटीनमध्ये वडापावाखाली तेलाने पारदर्शक झालेल्या. मुली विचारत होत्या, “काय गं, छपाईची चूक झाली का?” मी हो म्हणत होते. चार वाजेपर्यंत दीडशेच्या वर प्रती माझ्या दप्तरात होत्या आणि वर्गाच्या ग्रुपवर, दुसऱ्या कॉलेजांच्या ग्रुपवर, सुरगाण्याच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तो फोटो फिरत होता. पप्पांच्या काळात पत्रक फाडलं की संपायचं. मी ‘तंत्रज्ञान आणि समाज’ शिकत होते आणि एवढी साधी गोष्ट मला त्या दिवशी संध्याकाळी बसस्टॉपवर उभी राहून कळली.

मंजुळाला फोन लावला. बागेत रेंज येत-जात असते. तिसऱ्यांदा लागला.

“वाचलं मी,” ती म्हणाली. “बापालाही दाखवलं कोणीतरी. त्याला वाटतंय पोलीस येतील.”

“मंजू, मी सगळं नीट करते.”

“तू काय करू नको आता. हात जोडते तुला. काय पण करू नको.”

सोमवारी चौकशी लागली. सकाळी मी घरात सांगितलं की मी सगळं खोटं आहे असं सांगणार आहे. पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला.

“खरं आहे ना ते?”

“खरं आहे.”

“मग? अगं, मी तीस वर्षांत एक पत्रक मागे घेतलेलं नाही. एकदा निलंबित झालो, तरी नाही.”

आई पोळ्या लाटत होती. मागे न बघता म्हणाली, “तुमच्या पत्रकातली माणसं तुमच्या शेजारी उभी असायची. हिने दुसरीला एकटीला उभं केलंय.”

पप्पांनी कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. आईनेच शेवटी त्यांना डबा हातात देऊन कामाला पाठवलं.

प्राचार्यांच्या खोलीत तिघे होते. प्राचार्य, एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि अॅपचं काम बघणारे एक सर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. माझं पत्रक काचेखाली ठेवलेलं होतं. मी उभीच राहिले आणि एका दमात म्हटलं, “यातलं सगळं मी रचलंय. प्रकल्पाला चांगले मार्क मिळावेत म्हणून.”

“सगळंच?” प्राचार्यांनी विचारलं.

“सगळंच. सकाळी प्रयोगशाळा उघडलीच नाही कधी. मंजुळा गुरुवारी असते.”

“लेखी द्याल?”

मी लिहिलं. ‘माझ्या पत्रकातील मजकूर असत्य आहे.’ खाली सही केली. आणि खरं सांगते, मला हलकं वाटत होतं. वाटलं, सुटल्या दोघी. खोटं बोलून माणसं वाचवता येत असतील तर मी रोज बोलेन.

मग देवरे मॅडमना आत बोलावलं. प्राचार्यांनी माझा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. जर्नल तपासताना पाहायच्या तसंच. मी ती नजर ओळखत होते.

“हे खरं नाही, सर,” मॅडम म्हणाल्या. “पत्रकात आहे ते बरोबर आहे. फक्त मी साडेसातला नाही, सव्वासातला उघडायचे.”

ज्येष्ठ प्राध्यापक पुटपुटले, “अहो मॅडम, कशाला...” त्यांना नक्कीच मॅडमना वाचवायचं होतं. मॅडम पुढे म्हणाल्या, “हजेरीची तारीख मी चुकीची लिहिली, ते माझं. प्रयोग तिने केलेत. एकेक आकडा तिचा आहे. मी शेजारी उभी होते. तिचं जर्नल आणते, बघून घ्या.”

जर्नल कोणी मागवलं नाही. अॅपवाल्या सरांनी लॅपटॉप फिरवून दाखवला. ज्या गुरुवारी ‘चेहरा ओळखला नाही’ होतं त्या गुरुवारी मंजुळाचा फोन आवारात नव्हताच.

पुढच्या आठवड्यापासून मॅडमचे तास दुसऱ्या कोणाला दिले गेले. मंजुळाचं सत्र मंजूर झालं नाही, म्हणजे तिला परीक्षेला बसता आलं नाही. मला समज देऊन सोडलं. आणि ‘तंत्रज्ञान आणि समाज’मध्ये मी वर्गात पहिली आले. सरांनी मार्क आधीच भरले होते. मला अनेक वर्षं त्या गुणपत्रिकेकडे बघवत नव्हतं. नोकरीच्या प्रत्येक अर्जाला ती जोडावी लागते.

मॅडमना मी किती निरोप पाठवले ते मोजलेलं नाही. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. कोणी म्हणतं त्या मालेगावला शिकवणी घेतात. कधीकधी मला त्यांचा राग येतो. गप्प बसायला काय झालं होतं? मी माझी सगळी इभ्रत त्या टेबलावर ठेवली होती, ती घ्यायची आणि गप्प बसायचं! मग वाटतं, ती बाई बदललेल्या आकड्याखाली सही करणार नव्हती, माझ्याही नाही. एवढी तारीख त्यांनी एकदाच बदलली होती, आणि ती कोणासाठी बदलली हे मी गावभर वाटलं.

मंजुळाला भेटायला मी परीक्षेनंतर गेले. दिंडोरीला बसमधून उतरून बागेपर्यंत चालत. काढणी सुरू होती. ती वेलीच्या पलीकडे, डोक्याला ओढणी बांधून, क्रेट भरत होती. तिची आई झोपडीपुढे बसून बऱ्या हाताने कांदा चिरत होती. मला पाहून ती उठून आत गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही. सुरगाण्याकडचं घर पाणी न विचारता राहत नाही, हे मला ठाऊक होतं.

“शिव्या घाल,” मी मंजुळाला म्हटलं.

“वेळ नाय. मुकादम बघतोय.” तिने एक घड कापला, उजेडात फिरवून पाहिला, खराब मणी काढून टाकले. मग म्हणाली, “मला राग कशाचा आला माहितीये? मॅडमचं नाव तू लपवलं. लपवायचं असतं हे कळत होतं तुला. मग माझंच का नाय?”

मी काय सांगणार होते? की आमच्या घरात मोठ्यांच्या नोकरीला जपायचं असतं आणि गरिबाचं नाव हा पुरावा असतो? हे शब्द मला फार नंतर सुचले. मी एक रिकामा क्रेट तिच्याकडे सरकवला. ऊन चढत होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती बांधावर बसली. म्हणाली, “पुढल्या वर्षी परत बसायचंय मला. सत्राचा अर्ज लागतो. तुला लिहिता येतं, लिही.”

मी वही काढली. एक पान भरलं. चांगलं लिहिलं, मनापासून लिहिलं. आईचं मनगट, जोडीचं काम, यंत्राचा अन्याय, डोंगरातून आलेली पहिली मुलगी. तिला वाचून दाखवलं. ती ऐकत होती, भाकरी चावत. मग तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि एकेक ओळीवरून रेघ मारत गेली. आई गेली, बाग गेली, डोंगर गेला. उरल्या तीन ओळी : मागील सत्र मंजूर झाले नाही, पुन्हा बसू इच्छिते, परवानगी मिळावी.

“एवढ्याने देतील?” मी विचारलं.

“नाय देणार तर नाय देणार,” ती म्हणाली. “वाच आता परत.”

मी तीन ओळी वाचल्या. तिने खाली सही केली, कागद स्वतःकडे ठेवला, आणि पाणी पिऊन ओळीत परत गेली.